चार बोटं कमी

प्रिय गणित्या,

पाकीट बघून तुला वाटेल, आपल्या या बेडकाला आता अक्षर फुटलं. चाळीस वर्षांच्या ओळखीत मी तुझ्यासाठी एकदाच पत्र लिहिलंय, तेही तुझ्या वडिलांच्या सहीने, शाळेतल्या तुझ्या दोन दिवसांच्या गैरहजेरीबद्दल. हे दुसरं. फोन केला असता, पण फोनवर तू माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘जाऊ दे रे’ म्हणून मोकळा होतोस, आणि कचेरीत तुझा फोन निम्म्या वेळा आमची लेकच उचलते. तिच्या कानावर हे जायला नको असं नाही, पण आधी तुझ्या कानावर जायला हवं. उद्या गुरुवार. जीपचा ड्रायव्हर नेहमीसारखा पाण्याच्या पातळ्यांची नोंदवही न्यायला येईल. वही त्याच्या पिशवीत टाकेन आणि हे पाकीट हातात देऊन सांगेन की साहेबांच्याच हातात द्यायचं. सोमवारी सकाळी बांधाचे दरवाजे उघडायचेत, म्हणजे तुझ्या हाताशी तीन दिवस राहतात. चहा घेऊन बस. मला आडवळणाने लिहायची सवय आहे.

इकडची खबर अशी की पाणथळाचं खालचं अंग पुन्हा कोरडं पडू लागलंय. पाणकणसांचं गवत डोक्याच्या वर गेलंय, पण त्याच्या बुडाशी आता जेमतेम घोटाभर पाणी आहे, आणि एका बाजूला तर नुसता चिखल. काल तिथे कुत्र्याचे पाय उमटलेले दिसले. गेल्या रविवारी लेक आली होती तेव्हा आम्ही दोघं होडीतून घरटी मोजत फिरलो. पाणकोंबड्यांची बासष्ट भरली. सगळी वाकवलेल्या पात्यांवर, पाण्यापासून वीतभर उंच. पाणी चार बोटं चढलं तर ती पाखरं काड्या घालून घरटं वर उचलतात, त्यांना सवय आहे. वीतभर चढलं तर अंडी गेली. आणि चढलंच नाही तर कुत्री चालत जाऊन खातात. तुझा सोमवारचा सगळा खटाटोप या चार बोटं आणि एका वितीच्या मधल्या जागेसाठी आहे, हे मला कळतं. मी तुझ्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलला नावं ठेवतो म्हणजे मला ते कळत नाही असं समजू नकोस.

नावं मात्र मी भरपूर ठेवली, हे कबूल करतो. तू परत आलास त्या वर्षी शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतलीस, आठवतं? मी मागच्या बाकावर बसलो होतो. पडद्यावर आपली नदी, तिचे बांध, माझे तीन दरवाजे आणि खालचं सगळं पाणथळ तू चौकोन चौकोन करून मांडलं होतंस. प्रत्येक चौकोनाला त्याची उंची, आणि तिथलं गवत पाण्याला किती धरून ठेवतं त्याचा एक आकडा. मग तू कळ दाबलीस आणि दरवाजातून निळा रंग पसरत गेला, एका चौकोनातून दुसऱ्यात, बरोबर त्याच वाटेने ज्या वाटेने पाणी जातं. लोक ‘हा’ म्हणून पुढे सरकले. मी सत्तावीस वर्षं त्या बांधावर उभा आहे, माझ्याकडे बघून कोणी ‘हा’ म्हटलं नाही. मी आपला पडद्यावर बांधावरची माझी राहायची खोली शोधत होतो. सापडली. एक करडा चौकोन, कोरडा. मग कोणीतरी विचारलं की पाणथळ खालच्या टोकापर्यंत पुरतं भरायला किती दिवस लागतात, तर तू उत्तर माहीत असून माझ्याकडे बोट दाखवलंस आणि म्हणालास, ते यांना विचारा. तू मान दिलास. मला तो तुकडा टाकल्यासारखा वाटला. मी उभा राहून ‘सात’ एवढंच म्हटलं आणि बसलो. घरी आल्यावर तुझ्या वहिनीने विचारलं की सभा कशी झाली, तर मी म्हटलं, चित्रं बरी होती.

लहानपणी आपण गल्लीच्या गटारात बांध घालायचो तेव्हाही असंच होतं. मी आत उतरून चिखल थापायचो, तू कोरड्या दगडावर बसून सांगायचास की आता इथून फुटेल. आणि तिथूनच फुटायचं. तेव्हा मला त्याचं काही वाटायचं नाही. फुटणार आहे हे तुला कळायचं, पण फुटल्यावर मजा मला यायची. तू शिकायला गेलास, मोठमोठ्या नद्यांवर काम केलंस, आणि मी इथे पट्टीवर लागलो. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. पाण्यात उतरायचं, मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, वरून फोन आला की चाक फिरवून दरवाजा वर-खाली करायचा. कमीपणा वाटला नाही कधी. कारण माझ्याकडे एक गोष्ट होती जी तुझ्याकडे नव्हती. तुला मूल नाही, आणि माझी लेक रोज संध्याकाळी माझ्या खांद्यावर बसून ती पट्टी वाचायची. अंक ओळखायला ती पाटीवर शिकली नाही, त्या पट्टीवर शिकली. मी घरून निघताना आभाळाकडे बघून म्हणायचो, आज एकशे दहा असेल. आणि एकशे दहा निघालं की ती माझे कान धरून अशी हसायची की बांधावरचे बगळे उडायचे. तिला वाटायचं पाणी माझं ऐकतं.

आता ती तुझ्याकडे नोकरीला आहे. तूच तिला घेतलंस, माझ्या सांगण्यावरून, आणि मीच तुझे आभारही मानले. पहिल्या महिन्यात घरी आली तेव्हा जेवताना ‘सर म्हणतात’ सुरू झालं. सर म्हणतात गवताचा आकडा ऋतूप्रमाणे बदलायला हवा. सर म्हणतात नदीला पूर यायची सवय असते, ती बांध घालून मोडली की पाणथळ मरतं. अरे, ही दुसरी गोष्ट मी तिला ती सहा वर्षांची असताना सांगितली होती, याच शब्दांत. तुझी वहिनी चेष्टेखोर आहे हे तुला माहीतच आहे. तिने उठून शांतपणे चौथं ताट मांडलं आणि म्हणाली, सरांना वाढायचं राहिलंच की. लेक हसली. मीही हसलो, पण दुसरी पोळी घेतली नाही. त्या दिवसापासून मला तुझा राग येऊ लागला. राग हा शब्द मी बराच काळ वापरला, कारण दुसरा शब्द माझ्या वयाच्या माणसाला शोभत नाही. तुझ्या वहिनीने मात्र तो एकदा भाजी चिरता चिरता सहज वापरला. म्हणाली, अहो, जळताय किती.

मग मागचा पुराचा मोसम आला. तुझं मॉडेल तयार झालं होतं, आणि ते खऱ्या पाण्याशी जुळतंय का हे बघायचं होतं. एकोणीस दिवस दरवाजे उघडे ठेवायचे, रोज सकाळी मॉडेलने सांगितलेली पातळी आणि माझ्या पट्टीवरची पातळी शेजारी शेजारी मांडायची. पावणेसहाला लेकीचा फोन यायचा, ती मॉडेलचा आकडा सांगायची, मी सहाला खालच्या टोकाला जाऊन वाचायचो आणि तिला कळवायचो. पहिल्या दिवशी तुझा एकशे बेचाळीस, माझा एकशे एक्केचाळीस. दुसऱ्या दिवशी तुझा एकशे सत्तेचाळीस, माझाही तोच. आकडा सांगितला आणि ती फोनवर हसली. तेच हसू रे. कान धरून हसायची तेच, वीस वर्षांनी, फक्त आता ती म्हणत होती की सरांनी नेमकं हेच सांगितलं होतं. मी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो, एका हातात फोन, दुसऱ्या हाताने पट्टीवरचं शेवाळ पुसत होतो. आपल्या लेकीचं हसू ऐकून बापाला आनंद व्हावा. मी फोन बंद केला आणि पुसून झालेली पट्टी पुन्हा पुसत राहिलो.

या वर्षीच्या सोमवारच्या वेळापत्रकाकडे आता वळतो, मग परत त्या एकोणीस दिवसांकडे येतो. तुझ्या कचेरीतून आलेल्या कागदावर लिहिलंय की तिन्ही दरवाजे अकरा दिवस उघडे ठेवायचे. खाली लेकीची सही आहे. तिने स्वतः केलेलं पहिलं वेळापत्रक. तिच्या आईने तो कागद शेजारणीला नेऊन दाखवला. मी मात्र ‘अकरा’ वाचून तिथेच खुर्चीवर बसलो. कारण मला माहीत आहे की आठ दिवस पुरतात. आठव्या दिवशी पाणी हवं तेवढं चढलेलं असेल, नवव्या दिवशी ते घरट्यांना टेकेल, आणि अकराव्या दिवशी त्या बासष्टांतलं एकही राहणार नाही. मॉडेल अकरा का म्हणतंय हेही मला माहीत आहे. पाणकणसं खरोखर धरतात त्यापेक्षा जास्त पाणी ती धरून ठेवतात असं त्याला वाटतं, म्हणून खाली कमी पोचेल असा त्याचा हिशोब आहे, म्हणून ते जास्त दिवस मागतंय. हे कळूनही मी आठ दिवस गप्प बसलो. का, तेही सांगतो, कारण अर्धं सांगायचं असेल तर हे पत्र फाडलेलं बरं. मी मनात ठरवलं होतं की सोमवारी चुपचाप दरवाजे उघडायचे आणि आठव्या दिवशी, कोणालाही न विचारता, चाक फिरवून बंद करायचे. मग तुम्ही सगळे धावत याल, घरटी बघाल, पट्टी बघाल, आणि सगळ्यांना कळेल की कॉम्प्युटर चुकला आणि बेडूक बरोबर निघाला. लेक माझ्याकडे बघेल. एवढंच दिसत होतं मला, ती माझ्याकडे बघतेय. तिची सही त्या कागदावर आहे आणि खोटी ती पडेल, हे मला त्या चित्रात दिसतच नव्हतं.

गेल्या रविवारी घरटी मोजून परत येताना तिने होडीत वल्हं थांबवलं. म्हणाली, बाबा, एक गोष्ट मनात आहे, ती बोलून टाकते. मागच्या मोसमात मॉडेल आणि पट्टी जुळेनात तेव्हा तिला वाटलं होतं की पट्टी घसरली असावी, किंवा वाचताना काही चुकत असावं. ती तुझ्याकडे आली आणि म्हणाली, सर, पट्टी तपासायला माणूस पाठवू या. आणि तू, ज्याला मी गेलं वर्षभर मनातल्या मनात नाही नाही ते बोललो, तू तिच्यावर आवाज चढवलास. म्हणालास, “तुझ्या बापाची पट्टी चुकत नाही. चुकत असेल तर माझं गणित चुकतंय.” आणि बसून तू गवताचे आकडे वाढवत गेलास, मॉडेल माझ्या पट्टीशी जुळेपर्यंत. तिने हे सगळं सांगितलं आणि मग म्हणाली, “बाबा, मी तुमच्यावर शंका घेतली. माफ करा.”

मी तिच्याकडे न बघता जागा बदलली. वल्हं हातात घेतलं आणि काठाला आलो. तिला वाटलं मी दुखावलोय. जाताना तिने पुन्हा एकदा माफी मागितली, आईला जवळ घेतलं, मला नमस्कार केला आणि बसमध्ये चढली. गणित्या, मी आयुष्यात बरंच पाणी गिळलंय, पण ती माफी गिळता येईना. तीन दिवस झाले. तुझ्या वहिनीने विचारलं, काय झालंय, तर तिला सगळं सांगितलं. ती चेष्टा करेल असं वाटलं होतं. तिने नुसता कागद आणि पेन पुढे ठेवलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

तर ऐक. तिसऱ्या दिवशी मॉडेलने एकशे त्रेपन्न सांगितलं होतं. पट्टीवर एकशे त्रेपन्न होतं. मी फोनवर एकशे शेहेचाळीस सांगितलं. चार बोटं कमी. पलीकडून ती म्हणाली, बाबा, परत बघता का? मी म्हटलं, बघितलं. वहीतही तेच लिहिलं. वाटलं होतं, एकच दिवस. पण पाणी काही एका दिवसात उडी मारत नाही, आज चार बोटं कमी सांगितलं की उद्याही कमीच सांगावं लागतं, नाहीतर कोणीही ओळखेल. मग मी रोज पहाटे खोलीत बसून हिशोब करायचो की पाणकणसं जरा जास्त दाट असती तर आज पाणी किती असतं, आणि तो आकडा ठरवून मग पाण्यात उतरायचो. म्हणजे बघ, तुझ्या मॉडेलला हरवायला मीसुद्धा एक मॉडेलच चालवत होतो, आणि तेही बऱ्यापैकी. इतकं बरं की तुझ्यासारख्या माणसाने त्यावर विश्वास ठेवून आपलं खरं गणित मोडलं. सतरा दिवस मी खोटं पाणी चढवलं आणि उतरवलं. सत्तावीस वर्षांत त्याआधी एकही आकडा चुकीचा लिहिला नव्हता, तापात होतो तेव्हासुद्धा नाही. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. बचाव असता तर तो तुझ्या कामी आला नसता.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहितो. सोबत एक कागद जोडलाय. त्यावर त्या सतरा दिवसांच्या खऱ्या पातळ्या आहेत, सकाळ, दुपार, संध्याकाळ, एक्कावन्न आकडे. वहीत खोटं लिहिलं, तरी वाचलेला आकडा कुठेच न लिहिता पाण्याबाहेर यायला मला जमलं नाही, म्हणून खरे आकडे रोज खिशातल्या डायरीत उतरवत होतो. कागदावर उतरवून घेताना दोनदा तपासलेत. तू शुक्रवारी ते मॉडेलला दे, गवताचे आकडे पुन्हा होते तिथे आण, आणि सोमवारच्या आत नवं वेळापत्रक काढ. ते आठ म्हणेल. नऊ म्हणालं तरी मी नऊ दिवस उघडे ठेवेन, माझ्या डोळ्यांना काहीही वाटो. वरच्यांना काय कळवायचं ते कळव, माझं नाव वगळू नकोस, पट्टीवर दुसरा माणूस ठेवायचा असेल तर मी त्याला शेवाळ कुठे धरतं ते दाखवून जाईन. फक्त एक काम माझ्यासाठी नको करूस. लेकीला तू सांगू नकोस. सोमवारी ती इथे येईल तेव्हा दरवाजे उघडायच्या आधी मी तिला पट्टीपाशी नेईन आणि मीच सांगेन, की तिची शंका बरोबर होती आणि तिच्या सरांचं गणितही. तुझं बरोबर होतं, गणित्या. तिसऱ्या दिवशी, एका सेंटीमीटरचाही फरक नव्हता. मी तिथे उभा होतो.

हे वाचूनही म्हणू दिलंस तर,
तुझाच,
बेडूक